वडिलांच्या फुप्फुसातली गुठळी: कॅथेटर की नुसतं औषध?

तुम्ही लिहिलंय की वडिलांच्या दोन्ही फुप्फुसांत गुठळ्या आहेत, बीपी ठीक आहे, पण इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, उजवी बाजू फुगलेली दिसते आणि ट्रोपोनिन, म्हणजे हृदयावर ताण आल्याची रक्तातली खूण, वाढलंय. हेपरिन, म्हणजे रक्त पातळ करणारं औषध, चालू आहे. एक डॉक्टर म्हणतात कॅथेटरने, म्हणजे शिरेतून आत सरकवलेल्या नळीने, गुठळी काढू, दुसरे म्हणतात थांबू. मी डॉक्टर नाही, बरीच वर्षं कॅथलॅबमध्ये टेक्निशियन आहे, त्यामुळे जवळून पाहिलेलं सांगतो.

दोघंही चुकीचं बोलत नाहीत. वडील नेमके अधल्यामधल्या गटात आहेत. वरचं बीपी ९० च्या खाली जाऊन तिथेच राहिलं असतं तर वाद झालाच नसता: गुठळी विरघळवणारं औषध शिरेतून द्यायचं, ते चालत नसेल तर कॅथेटर किंवा ऑपरेशन. हृदयावर ताणच नसता, तर रक्त पातळ करणारं औषध पुरलं असतं.

मग मधल्या गटात सरसकट ते विरघळवणारं औषध का देत नाहीत? २०१४ साली पाइथो नावाच्या चाचणीत सुमारे १,००० रुग्णांवर हेच तपासलं. औषधाने प्रकृती अचानक ढासळण्याचं प्रमाण घटलं, पण मेंदूत रक्तस्राव २ टक्के रुग्णांना झाला. नुसत्या हेपरिनवर हेच प्रमाण ०.२ टक्के होतं. कॅथेटरच्या उपचारांना जोर आला तो या धास्तीमुळे.

त्यात दोन जाती आहेत, आणि तुमचे डॉक्टर कुठल्या जातीबद्दल बोलताहेत हे आधी विचारा. पहिलीत बारीक नळी गुठळीत ठेवून तेच औषध थेंबथेंब सोडतात, काही नळ्यांत जोडीला अल्ट्रासाऊंडही असतो. अल्टेप्लेज हे असंच एक विरघळवणारं औषध, ते शिरेतून एरवी १०० मिलिग्रॅम देतात. इथे बहुधा २४ च्या आतच भागतं. रक्तस्रावाचा धोका कमी होतो, संपत नाही.

दुसरी जात म्हणजे गुठळी ओढून काढणं. यातली मोठी नळी २४ फ्रेंच (नळीची जाडी मोजायचं माप), म्हणजे ८ मिलिमीटर जाड असते. ती जांघेतल्या शिरेतून वर जाते आणि हृदयाच्या उजव्या कप्प्यांतून फुप्फुसाच्या धमनीत पोचते. रुग्ण बहुतेक वेळा जागा असतो, फक्त जांघ बधिर केलेली. वायर हृदयातून जाताना मॉनिटरवर दोनचार ठोके वेडेवाकडे पडतात, तेव्हा सगळे गप्प होतात. मग मोठ्या सिरिंजने ओढ दिली की रक्ताबरोबर काळपट लाल, रबरासारखे तुकडे येतात. ते आम्ही गॉजवर मांडतो. कधीकधी टेबलावर असतानाच ऑक्सिजन वर सरकतो, नाडी उतरते. कधी तीनदा ओढूनही हाती फक्त रक्त लागतं. ते गाळून परत देण्याची सोय काही उपकरणांत असते. नसेल तर रक्त किती वाया जाईल हे विचारायला लाजू नका.

२०२४ च्या पीअरलेस चाचणीत या दोन जातींची तुलना झाली, ५५० रुग्णांवर. ओढून काढलेल्यांपैकी कमी जणांची प्रकृती ढासळली, आयसीयूही कमी लागलं. मृत्यूंत फरक दिसला नाही. पण दोन्ही गटांना कॅथेटर लावलेलाच होता, त्यामुळे तुमचा प्रश्न, कॅथेटर की नुसतं हेपरिन, तिथे सुटत नाही.

माझं मत विचाराल तर वडील स्थिर असतील, श्वास हळूहळू सुधारत असेल, तर थांबण्यात गैर काही नाही. मात्र थांबणं म्हणजे आयसीयूत डोळ्यांत तेल घालून बघणं. नाडी चढू लागली, ऑक्सिजन वाढवावा लागला, बीपी उतरू लागलं, तर कोण, किती वेळात, काय करणार हे आजच ठरलेलं हवं. तिथे हे काम नेहमी होतं का, तेही विचारा. क्वचित होणाऱ्या ठिकाणी घाई करण्यापेक्षा, प्रकृती हलवण्याजोगी असताना दुसरीकडे नेणं मला बरं वाटतं.

कुणी शिरेत जाळी, म्हणजे फिल्टर, बसवायचं म्हटलं तर कारण विचारा. रक्त पातळ करणारी औषधं चालत असताना ती सहसा लागत नाही. बसवलीच, तर काढायची तारीख लिहून घ्या. ती काढायची राहून जाते.

आणि गुठळी निघाली तरी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या किमान तीन महिने सुटत नाहीत. त्यानंतरही जिना चढताना धाप लागत असेल तर ‘वयामुळे असेल’ म्हणून सोडू नका. व्हीक्यू स्कॅनबद्दल, म्हणजे फुप्फुसात हवा आणि रक्त कुठे पोचतं ते दाखवणाऱ्या तपासणीबद्दल, विचारा, कारण थोड्या लोकांत जुनी गुठळी धमनीच्या भिंतीला चिकटून राहते आणि तिचे उपचार वेगळे असतात.