जर्मन चित्रकार आल्ब्रेख्ट ड्यूररच्या लाकूडठशांत, म्हणजे कोरलेल्या लाकडी फळीवरून छापलेल्या चित्रांत, इतक्या बारीक रेषा कोरत कशा? आणि तो स्वतःच कोरायचा का?

रेषा कोरतच नसत. रेषेच्या आजूबाजूचं लाकूड काढून टाकायचं आणि रेषा उभी ठेवायची, कारण शाई उंच राहिलेल्या भागालाच लागते.

फळी बहुधा नाशपातीची, तंतूंच्या दिशेने चिरलेली, जाडी सुमारे अडीच सेंटिमीटर. त्यावर चित्र काढलं, की छोट्या सुरीने रेषेच्या कडेला एक तिरका काप. समोरून उलट तिरका दुसरा काप दिला, की मधली ढलपी सुटते. पलीकडच्या कडेलाही तेच. एका काळ्या रेषेला असे चार काप! रेषा पायाशी रुंद आणि माथ्याशी निमुळतीच हवी. सुरी आत झुकली तर रेषा खालून पोकळ होते आणि दाबाखाली तुटते. तुटलीच तर तेवढा भाग पोखरून नवा लाकडाचा तुकडा बसवत आणि पुन्हा कोरत. छायेसाठी आडव्या-तिरक्या रेषांची जाळी असेल, तर जाळीतला प्रत्येक पांढरा ठिपका वेगळा उचलावा लागे. ड्यूररचं एखादं चित्र मोठं करून नुसते हे ठिपके बघा, श्रमांचा अंदाज येईल. मोठ्या पांढऱ्या जागा जास्त खोल खणाव्या लागत, नाहीतर ओलसर कागद तिथे खाली झुकतो आणि डाग उमटतो.

हे काम पेशेवर कोरक्यांचं. सम्राट मॅक्सिमिलियनसाठी ड्यूररच्या आखणीवरून झालेल्या ‘विजयकमान’ या भव्य छापील चित्राचे १९० हून अधिक ठसे न्यूरेंबर्गच्या हिरोनिमस आंद्रेएच्या कार्यशाळेत कोरले गेले. १४९८ च्या ‘अपोकॅलिप्स’ या बायबलवरच्या चित्रमालिकेतले काही ठसे ड्यूररने स्वतः कोरले का, यावर मात्र अभ्यासकांत मतभेद आहेत.

माझ्या मते लाकूडठशाचं खरं बळ त्याच्या उंचीत आहे. छपाईच्या अक्षरांच्या खिळ्यांइतकाच उंच असल्याने तो मजकुरासोबत एकाच चौकटीत आवळता येई आणि दोन्ही एकाच दाबात छापून निघत. तांब्याच्या पत्र्यावर शाई खोबणीत राहते, म्हणून त्याला वेगळं यंत्र लागे. १४९३ च्या ‘न्यूरेंबर्ग इतिवृत्त’ या जगाच्या इतिहासावरच्या छापील ग्रंथात अठराशेवर चित्रं आहेत, पण ठसे साधारण ६४५. एकाच शहराचं चित्र वेगवेगळ्या नावांनी पुन्हा पुन्हा भेटतं.

जुनी प्रत पाहायला मिळाली तर किडीची गोल पांढरी भोकं आणि तंतूंच्या दिशेने गेलेली फट शोधा. दोन्ही उशिराच्या छपाईच्या खुणा. ड्यूररच्या १५१५ च्या प्रसिद्ध गेंड्याच्या चित्राच्या नंतरच्या प्रतींत अशी फट थेट पायांतून गेलेली दिसते.