बांतेय स्रेई वगळू नका, फक्त त्याला स्वतंत्र दिवस द्या

तुमचा बेत वाचला. कंबोडियातल्या सियाम रीपमध्ये तीन दिवस, बरोबर सत्तरीतले आईवडील, आणि टूर एजंटने 'लांब आहे आणि लहान आहे' म्हणून बांतेय स्रेई, म्हणजे अंगकोर या जुन्या ख्मेर राजधानीच्या परिसरातलं शिवाचं देऊळ, यादीतून काढून टाकलंय. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. शहरापासून ते साधारण ३७ किलोमीटर आहे, आणि अंगकोर वाट पाहून आल्यावर त्याचा आकार बघून आधी जरा हिरमोड होतो. गाभाऱ्याच्या दारातून माणूस ताठ मानेने आत जाऊच शकत नाही. तरीही ठेवायचं की काढायचं असं विचाराल, तर मी दुसरं काहीही काढेन, हे नाही.

आईवडिलांच्या दृष्टीने आधी सांगतो. अंगकोर वाटच्या सर्वात वरच्या मजल्याचा जिना इतका उभा आहे की धडधाकट माणसंही कठडा धरून उतरतात. बांतेय स्रेई सपाट जमिनीवर आहे. दगडी उंबरे ओलांडावे लागतात, तेवढंच. आणि कोरीवकाम डोक्यावर कुठेतरी उंच नाही, जवळजवळ नजरेसमोर आहे.

आता इतिहास. अंगकोरची मोठी देवळं राजांनी बांधली, हे मात्र राजाने बांधलेलं नाही. ते बांधलं यज्ञवराह नावाच्या ब्राह्मणाने आणि त्याच्या भावाने. यज्ञवराह हा हर्षवर्मन पहिला या ख्मेर राजाचा नातू आणि पुढे राजा झालेल्या पाचव्या जयवर्मनचा गुरू. प्रतिष्ठा झाली २२ एप्रिल ९६७ रोजी, राजा राजेंद्रवर्मनच्या कारकिर्दीत. शिलालेख संस्कृतात आहे आणि त्यातलं वर्ष आहे शके ८८९. आपल्या पंचांगातलाच शक! लिंगाचं नाव त्रिभुवनमहेश्वर, गावाचं ईश्वरपूर. बांतेय स्रेई हे नाव फार नंतरचं.

गंमत म्हणजे नक्षी इतकी नाजूक आहे की सुरुवातीला फ्रेंच अभ्यासकांनी हे देऊळ चौदाव्या शतकातलं ठरवलं होतं. एवढी सफाई दहाव्या शतकात असेल असं त्यांना वाटलंच नाही. शिलालेखांचा नीट अभ्यास झाल्यावर ते जवळपास साडेतीनशे वर्षं मागे गेलं.

दगड लालसर गुलाबी वालुकाश्म आहे, बारीक कणांचा, आणि त्यावर लाकडावर करावं तसं काम केलंय. बाहेरच्या भिंती मात्र जांभ्याच्या. कोकणातला माणूस तिथे पोचला की आधी भिंतीवर हात ठेवतो, मग देवळाकडे वळतो.

खरी मेजवानी आहे आवारातल्या दोन छोट्या इमारतींच्या दारांवरच्या शिल्पपटांत. या इमारतींना ग्रंथालयं म्हणायची पद्धत आहे. दक्षिणेकडच्या इमारतीवर, पूर्वेच्या बाजूला, रावण कैलास हलवतोय. आपण हा प्रसंग वेरूळच्या कैलास लेण्यात पाहिलेला असतो. तिथे रावण खाली खोल पोकळीत आहे, वर पार्वती घाबरून शिवाला बिलगली आहे आणि एक दासी पळ काढते आहे. इथला कैलास म्हणजे पायऱ्यापायऱ्यांचा मनोरा. तळाशी दहा तोंडांचा रावण, त्याच्या आजूबाजूला हत्ती-सिंह सैरावैरा पळताहेत, वरच्या पायऱ्यांवर ऋषी, आणि टोकावर शिव. पार्वती इथेही त्याला बिलगलेलीच! वेरूळचं काम आठव्या शतकातलं, हे दहाव्या शतकातलं. याच इमारतीच्या मागच्या, पश्चिम बाजूला मदन शिवावर बाण रोखून उभा आहे.

उत्तरेच्या इमारतीवर पूर्वेला महाभारतातला खांडववन जाळण्याचा प्रसंग आहे, आणि माझ्या मते सगळ्या अंगकोरमध्ये याच्या तोडीचा पट नाही. वर तीन मस्तकांच्या ऐरावतावर इंद्र. त्याच्याखाली तिरप्या समांतर रेघा, म्हणजे पाऊस. पावसाच्या खाली बाणांचं छत, म्हणून पाणी वनापर्यंत पोचत नाही. खाली झाडं, पक्षी, भेदरलेली जनावरं आणि दोन बाजूंना रथातले वीर. दगडात पाऊस दाखवायचा आणि तो अडवलेलाही दाखवायचा, हे काम सोपं नाही. मागच्या बाजूला कृष्ण कंसाला मारतोय, चक्क राजवाड्याच्या आत.

पश्चिमेच्या गोपुरावर वाली आणि सुग्रीव झुंजताहेत. आत जाताना मार्गाच्या उत्तरेला नृसिंहाचा पट आहे, तोही शोधा. परदेशी पर्यटकांना यातलं प्रत्येक शिल्प गाइडने समजावून द्यावं लागतं. तुमची आई मात्र कीर्तनात आणि पोथीत ऐकलेल्या गोष्टी आपणहून ओळखेल. फक्त काही पट तिथे नाहीत. भीम-दुर्योधनाचं गदायुद्ध नॉम पेन्हच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे आणि तिलोत्तमेसाठी भांडणारे सुंद-उपसुंद थेट पॅरिसच्या गिमे संग्रहालयात. गाभाऱ्यासमोरचे बसलेले रक्षकही नकला आहेत.

नकला का, तर चोऱ्या. सर्वात गाजलेली १९२३ची. आंद्रे मालरो या तरुण फ्रेंच लेखकाने इथल्या देवतांच्या मूर्ती कापून नेल्या आणि नॉम पेन्हमध्ये पकडला गेला. मूर्ती परत आल्या. पुढे हाच गृहस्थ फ्रान्सचा सांस्कृतिक मंत्री झाला, यावर मी काही बोलत नाही. त्या प्रकरणामुळे देवळाकडे लक्ष मात्र गेलं. आँरी मार्शाल या फ्रेंच जतनतज्ज्ञाने १९३१ ते १९३६ या काळात पडलेले दगड ओळखून जिथले तिथे परत रचले. ही पद्धत तो जावा बेटावर डच लोकांकडून शिकून आला होता आणि अंगकोरमध्ये ती प्रथम इथेच वापरली गेली.

आता व्यवहाराचं. वेगळं तिकीट लागत नाही, अंगकोरचा पास चालतो: एक दिवसाचा ३७ डॉलर, तीन दिवसांचा ६२. तुम्ही ६२वालाच घ्या. पासवर फोटो असतो आणि तो जागोजागी तपासतात, त्यामुळे हॉटेलवर ठेवून निघू नका. अंगकोर वाटच्या सूर्योदयाच्या दिवशी हे जोडू नका. पहाटे चारला उठलेले आईवडील दुपारी अकराच्या उन्हात शिल्पं पाहणार नाहीत, सावली शोधतील. दुसऱ्या दिवशी नाश्ता करून टॅक्सीने निघा. टुकटुकने मजा येते, पण तासभर धूळ खात जावं लागतं. सकाळचं ऊन पूर्वेच्या पटांवर येतं, म्हणजे रावण आणि इंद्र दोघंही नीट दिसतात. गटांच्या बसगाड्या येण्याआधी पोचलात तर उत्तमच. मधला भाग दोरी लावून बंद आहे, चौथऱ्याभोवती फिरूनच पाहायचं. लहान दुर्बीण असेल तर न्या. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत.

वाटेत प्रादाक गावात रस्त्याकडेला चुलीवर ताडाचा रस आटवून गूळ करतात. थांबा, चाखा, घ्या. क्बाल स्पियान, म्हणजे नदीच्या तळात कोरलेली लिंगं, तिथून पुढे आहे, पण दीड किलोमीटर जंगलातली चढण आहे. आईवडिलांना घेऊन नको. त्याऐवजी परतताना प्रे रुप करा. राजेंद्रवर्मनचंच विटांचं देऊळ, ९६१चं, संध्याकाळी इतरांपेक्षा उशिरापर्यंत उघडं असतं. आईवडील खालीच थांबू देत, तिथल्या पायऱ्या खड्या आहेत.

शाकाहारी असाल तर 'भाजी' म्हटल्यावरही माशाचा सॉस पडतो, तो नको असं आधी स्पष्ट सांगा. सियाम रीपमध्ये भारतीय खानावळी आहेत, काळजी नको. विमानतळ २०२३पासून नवा आहे आणि गावापासून बराच दूर, तेवढा वेळ हिशोबात धरा. आणि बँकॉकहून रस्त्याने यायचा विचार असेल तर २०२५च्या थायलंड-कंबोडिया संघर्षानंतर सीमेची स्थिती काय आहे ते बुकिंगआधी तपासा. मी तर सरळ विमानानेच या म्हणेन.