कौतुक वाटतं म्हणून तर सांगते ना!

‘मुलगी दहा-अकरा वर्षांची झाली आणि एकदम परक्यासारखी वागायला लागली. खोलीचं दार लावून घेते, काही सांगत नाही. मी तर तिचं इतकं कौतुक करते, मग माझं कुठे चुकलं?’ हा प्रश्न घेऊन अनेक आया माझ्याकडे येतात. तो ऐकला की मला एका मायलेकींची आठवण होते. ओळख पटू नये म्हणून इथे काही तपशील बदलले आहेत.

आई आत आल्या, बसल्या आणि पहिली दहा मिनिटं मला मोबाइलमधले फोटो दाखवत राहिल्या. नाचाच्या पोशाखातली लेक, पोहण्याच्या शर्यतीत तिसरी आलेली लेक, चित्र काढताना जीभ बाहेर काढून बसलेली लेक. एकेका फोटोसरशी त्यांचा चेहरा फुलत होता. शेजारी अकरा वर्षांची मुलगी बॅगेची चेन उघडत होती, लावत होती. तिने एकदाही मोबाइलकडे पाहिलं नाही.

तक्रार अशी होती की तिने चित्रं काढणं सोडलं. निदान आईसमोर तरी. त्याआधी काय झालं, ते त्यांनीच सांगितलं. एका दुपारी त्या वाचता वाचता सोफ्यावर झोपल्या होत्या, चष्मा नाकावर घसरलेला, पुस्तक छातीवर उघडं. लेकीने तसंच्या तसं चित्र काढलं आणि त्यांच्या उशाशी ठेवलं. जाग आल्यावर ते पाहून त्यांचे डोळे भरून आले. पाचच मिनिटांत चित्र घरच्यांच्या ग्रुपवर गेलं, स्टेटसवर चढलं. ढीगभर बदाम आले. एका काकांनी लिहिलं, ‘छान, पण नाक जरा मोठं झालंय.’ लेकीने ते वाचलं. रात्री चित्राचे तुकडे कचऱ्याच्या डब्यात होते.

“कौतुक वाटतं म्हणून तर सांगते ना, मॅडम! मी यात वाईट काय केलं?” असं म्हणताना त्यांचा आवाज कापत होता.

मग मी मुलीशी एकटीशी बोलले. बराच वेळ ती गप्प होती. मीही घाई केली नाही. शेवटी म्हणाली, “ताई, आईला काही दाखवलं ना, की ते सगळ्यांचं होतं.” थोड्या वेळाने, अगदी हळू, “आणि पुढचं चित्र चांगलं नाही आलं तर?”

या दोन वाक्यांत सगळं आलं. डेव्हिड एल्काइंड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९६७ मध्ये वयात येणाऱ्या मुलांबद्दल एक निरीक्षण मांडलं होतं. सगळे आपल्याकडेच बघताहेत असं या मुलांना वाटत राहतं. त्याला त्याने ‘काल्पनिक प्रेक्षक’ म्हटलं. या मुलीचे प्रेक्षक मात्र खरेखुरे होते, आणि आईनेच ते प्रेमाने जमवले होते. त्यात शरीरही बदलत होतं. मुलींमध्ये हे बदल साधारण ८ ते १३ या वयात सुरू होतात, आणि उंची जोरात वाढते त्या काळात वर्षाला ८ सेंटिमीटरपर्यंतही वाढू शकते. येणाऱ्या प्रत्येकासमोर आई तिला उभी करून म्हणायच्या, “बघा, केवढी झाली!” म्हणून मुलगी पोक काढून चालायला लागली होती.

तिच्या दुसऱ्या वाक्यासाठी मी आईंना एक प्रयोग सांगितला. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यातली मुलं साधारण या मुलीच्याच वयाची होती. कोडी सुटल्यावर काहींना ‘तू हुशार आहेस’ म्हटलं, काहींना ‘तू मेहनत घेतलीस’. नंतर मुद्दाम अवघड कोडी दिली. हुशार म्हणवलेल्या मुलांची चिकाटी लवकर संपली. कोड्यांत आपल्याला किती गुण मिळाले ते दुसऱ्या मुलांसाठी लिहायला सांगितल्यावर हुशार म्हणवलेल्यांतल्या दहापैकी जवळपास चौघांनी ते वाढवून लिहिले. मेहनतीची दाद मिळालेल्यांत हे प्रमाण खूपच कमी होतं. मोठेपण मिळालं की ते टिकवण्याची धास्तीही मागोमाग येते.

आई गप्प झाल्या. मग स्वतःचं सांगू लागल्या. शाळेत असताना त्या निबंधात पहिल्या आल्या होत्या. बक्षीस घेताना त्यांनी समोर पाहिलं, तर घरचं कुणीच नव्हतं. त्या दिवशी ठरवलं होतं, माझ्या मुलीला असं कधी वाटू देणार नाही. हे ऐकून त्यांना दोष द्यावा असं मला मुळीच वाटलं नाही, आजही वाटत नाही. त्यांचा अभिमान खरा होता. फक्त लेकीसाठी ओतलेल्या त्या कौतुकातलं बरंचसं त्या बक्षीस घेणाऱ्या मुलीच्या वाट्याला जात होतं.

आपल्या भाषेत कौतुक ‘वाटतं’ आणि कौतुक ‘करतात’ही. वाटण्यात नवल असतं, थांबून बघणं असतं. मी त्यांना एवढंच सुचवलं: काही दिवस फक्त वाटू द्या. रोज लेकीतली एक नवी गोष्ट टिपा, वहीत लिहा, कुणाला सांगू नका. तिने काही दाखवलं तर ‘वा, किती सुंदर’च्या आधी एखादा प्रश्न विचारा: ही सावली कशी काढलीस? आणि कुणाला दाखवायचं असेल तर तिला विचारा. ‘नको’ म्हणाली तर नको.

दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी बहिणीला फोनवर काहीतरी सांगितलं आणि लेकीने ते ऐकलं. पुन्हा दार बंद. या वेळी आई दाराबाहेरून म्हणाल्या, “चुकलं माझं. तुला विचारायला हवं होतं.” आत गेल्या नाहीत, सारवासारवही केली नाही. माझ्या मते सगळ्यात मोठं काम त्या दोन वाक्यांनी केलं.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. ही मुलगी मैत्रिणींत हसत-खेळत होती, नीट जेवत-झोपत होती. पण मुलगी सगळ्यांपासूनच तुटली असेल, दोन आठवड्यांहून जास्त काळ उदास किंवा चिडचिडी असेल, झोप-भूक बिघडली असेल, तर ‘वयच असं आहे’ म्हणून सोडून देऊ नका, तज्ज्ञांना दाखवा. स्वतःला इजा करण्याबद्दल किंवा मरणाबद्दल बोलली तर एक दिवसही थांबू नका.

चार महिन्यांनी आई एकट्याच आल्या. या वेळी मोबाइल पर्समध्येच होता.

“परवा रात्री ती स्वतःहून माझ्या खोलीत आली,” त्या म्हणाल्या. “वही घेऊन. आम्ही तासभर बसलो होतो.”

“काय होतं वहीत?” मी विचारलं.

त्या हसल्या. “ते नाही सांगणार, मॅडम. तिला विचारलं नाहीये मी.”