विचारा, सांगते: घरात प्रिंटर घ्यायचाय

सातार्‍यात कोर्टाजवळ माझं टायपिंग आणि डीटीपीचं दुकान आहे. प्रिंटर विकत नाही, पण दिवसभर वापरते, आणि लोकांच्या घरचे बिघडलेले प्रिंटर ओळखीपोटी माझ्याच टेबलावर येऊन बसतात. या वेळच्या पत्रांत हाच विषय जास्त होता, म्हणून ती एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : मी चिपळूणजवळ राहणारा निवृत्त शिक्षक. नातीचे शाळेचे प्रकल्प, पेन्शनचे कागद आणि जमिनीचे जुने दस्त स्कॅन करून ठेवणे, एवढं काम आहे. महिन्याला तीस-चाळीस पानं होतील. दुकानदार साडेचार हजारांचा ऑल-इन-वन ‘एकदम फर्स्ट क्लास’ म्हणून दाखवतोय. माझी तयारी दहा हजारांपर्यंत आहे. घेऊ का?

गुरुजी, नका घेऊ. त्या साडेचार हजारांत कार्ट्रिजवाला, म्हणजे शाई संपली की अख्खी डबीच बदलायचा प्रिंटर येतो. त्याचं लहान काळं कार्ट्रिज हजाराच्या आसपास पडतं आणि दीडशे-दोनशे पानांत संपतं, म्हणजे काळं पानच पाच-सहा रुपयांना. नातीने फुलपाखराचं चित्र छापलं की रंगीत कार्ट्रिजचा हिशेब वेगळा. तुमच्या चाळीस पानांच्या हिशेबाने वर्षाला काळी कार्ट्रिजं तीनेक लागतील. दोन वर्षांत शाईवर मशीनच्या किमतीहून जास्त खर्च होईल. मशीन स्वस्त असतं ते त्याचसाठी.

तुमच्या दहा हजारांत आणखी दोन-तीन हजार घाला आणि इंक टँक, म्हणजे टाकीत बाटलीतून शाई ओतायचा प्रिंटर घ्या. साधारण बारा-तेरा हजारांत वाय-फायसकट मिळतो. एप्सनच्या ००३ नंबरच्या काळ्या बाटलीत ६५ मिली शाई असते आणि कंपनी त्यावर ४,५०० पानं सांगते. बाटली चारशेच्या आत-बाहेर पडते, म्हणजे पानाला दहा पैसेसुद्धा पडत नाहीत. कंपनीचा आकडा शब्दशः धरू नका, कारण तो ठरावीक चाचणीपानांवर काढलेला असतो आणि नातीची पानं तशी नसणार. शिवाय मशीनसोबत आलेल्या पहिल्या बाटल्यांतली बरीच शाई नळ्या आणि हेड (कागदावर शाई सोडणारा भाग) भरण्यातच जाते, त्यामुळे पहिला भरणा लवकर संपला म्हणून दुकानदाराशी भांडू नका. निम्मी पानं निघाली तरी कार्ट्रिजपेक्षा कितीतरी स्वस्तच.

आता इंक टँकमधला कोणता? दुकानात तुम्हाला मिनिटाला किती पानं निघतात ते सांगतील. घरात त्याचं काही अडत नाही. तुम्ही कोकणात राहता, म्हणून मी आधी काळी शाई विचारेन. काही मशीनमध्ये काळी शाईही रंगीत शाईसारखी पाण्यात विरघळणारी, ‘डाय’ असते. एप्सनची ही ००३ त्यातलीच. फोटो छान येतात, पण जूनमध्ये छत्रीतून अर्ज नेताना चार थेंब पडले की अक्षरं पसरली. कॅननच्या जी मालिकेत, एचपीच्या स्मार्ट टँकमध्ये आणि ब्रदरच्या डीसीपी-टी मालिकेत काळी शाई ‘पिगमेंट’, म्हणजे पाण्यात न विरघळणार्‍या रंगकणांची असते. ती कागदावर धरून राहते. तुमच्या कामाला तीच बरी.

दुसरं, हेड. कॅननच्या जी आणि एचपीच्या स्मार्ट टँकमध्ये हेड काढून घरच्या घरी बदलता येतं. एप्सनचं हेड टिकाऊ असतं हे खरं, पण ते मशीनच्या पोटात असतं आणि गेलंच तर खर्च मशीनच्या किमतीच्या मानाने जड वाटतो.

तिसरं कुणी विचारतच नाही: कागद कुठून आत जातो? बर्‍याच मशीनला मागे उभा, उघडा कागद लावावा लागतो. त्यात धूळ पडते, टाचणी पडते, झुरळं जातात. एका गिर्‍हाइकाच्या मशीनमधून मी पालीचं पिल्लू काढलंय. ब्रदरच्या डीसीपी-टी४२०डब्ल्यूसारख्या मशीनमध्ये कागदाचा बंद ट्रे खाली असतो. कोकणातल्या दमट हवेत उघडा कागद वाकतो, एकावेळी दोन-दोन पानं खेचली जातात आणि मशीनच बिघडलं असं वाटतं. रीम प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कपाटात ठेवा, लागतील तेवढीच पानं काढा.

तुमच्यासाठी माझी निवड बंद ट्रे आणि पिगमेंट काळी शाई असलेली. चिपळुणात ज्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर जवळ असेल तिला मात्र आणखी एक मार्क द्या.

दस्तांचं काय ते नीट ऐका. घरगुती ऑल-इन-वनची काच ए-फोरपुरतीच, साधारण २१६ बाय २९७ मिलिमीटर असते. जुनं खरेदीखत, वाटणीपत्र बहुतेक वेळा लीगल कागदावर असतं, त्याची लांबी ३५६. सव्वादोन इंच कागद बाहेर लोंबतो, आणि नेमक्या तिथेच सह्या, अंगठे असतात. वरून कागद ओढणार्‍या फीडरचं मशीन यावर उपाय म्हणून विकतात. ते महाग पडतं, आणि घडीवर फाटलेला, पिवळा पडलेला दस्त त्यात घालायचं धाडस मी तरी करणार नाही. काचेवर दोन भागांत स्कॅन करा, आधी वरचा भाग, मग कागद सरकवून खालचा. मधला थोडा मजकूर दोन्हींत येऊ द्या. नाहीतर सगळे दस्त एका दिवशी मोठ्या काचेचं झेरॉक्स मशीन असलेल्या दुकानात न्या, समोर उभे राहून स्कॅन करून घ्या आणि पेन ड्राइव्हवर आणा. वर्षातून एकदाच लागणार्‍या कामासाठी मशीनवर जास्तीचे पाच-सहा हजार घालू नका.

स्कॅन ३०० डीपीआयवर (इंचाला ३०० ठिपके) ठेवा. जुने फोटो असतील तर ६००. त्यावरचे मोठमोठे आकडे खोक्यावर शोभतात.

प्रश्न : ताई, आम्ही तिघी मैत्रिणी पुण्यात खोली घेऊन बँकेच्या परीक्षांचा अभ्यास करतो. महिन्याला तीनशे-चारशे पानं छापून घेतो. सगळी काळी-पांढरी. शिवाय फॉर्म भरताना फोटो आणि सही अपलोड करण्यात दर वेळी तासभर जातो. काय घ्यावं?

चारशे पानं, दोन रुपयांनी धरली तरी आठशे रुपये महिना. तिघींत वाटून घ्यायला प्रिंटर परवडतो. रंग नकोच असेल तर दोन रस्ते आहेत: इंक टँक, नाहीतर जुना काळा-पांढरा लेझर. आमच्या कोर्टाबाहेर एचपीचं एम १००५ अजून जागोजाग चालतं. त्याच्या १२ए टोनरमध्ये, म्हणजे शाईऐवजी पूड असलेल्या डबीत, दोन हजारांच्या आसपास पानं निघतात, ते रिफिल करणारा माणूस गल्लोगल्ली आहे आणि सुटे भाग मिळतात. जुनं घेणार असाल तर विकणार्‍याच्या समोर वीस पानं सलग छापा; पान तिरकं येतंय का, काळी रेघ उमटतेय का बघा, आणि पानावर बोट घासा. अक्षर पुसलं गेलं तर आतला तापणारा भाग गेलाय. दोन्ही बाजूंना छापायचं तर त्यात पानं हाताने उलटावी लागतात. लेझर घरच्या लहान इन्व्हर्टरवर लावू नका, तापताना तो एकदम जास्त वीज ओढतो.

सहीची गोष्ट. आयबीपीएसच्या, म्हणजे बँकांच्या परीक्षा घेणार्‍या संस्थेच्या फॉर्मला फोटो २० ते ५० केबी आणि सही १० ते २० केबी लागते. तुम्ही पूर्ण ए-फोर पान स्कॅन करता आणि मग ते वीस केबीत दाबता, म्हणून सही म्हणजे नुसता डाग दिसतो. पांढर्‍या कागदावर काळ्या पेनाने सही करा, २०० डीपीआयवर स्कॅन करा, आधी सहीभोवती कापा, नंतर आकार १४० बाय ६० पिक्सेल करा. केबी मर्यादेत आहेत ना, ते अपलोड करण्याआधी बघा. इंग्रजी कॅपिटल अक्षरांत सही करू नका, ती चालत नाही. एकदा तयार केलेल्या फाइल नावाने फोल्डरमध्ये ठेवा. दर फॉर्मला नव्याने सही करणार्‍या मुली माझ्या दुकानात रोज येतात, आणि त्यातून माझी कमाई होते, हे कबूल.

प्रश्न : डोंबिवलीत आम्ही दोघंच. सहा महिने मुलाकडे परदेशी असतो. कधीतरी बोर्डिंग पास, आधारची प्रत, एवढंच. मुलगा म्हणतो, इंक टँक घ्या.

मुलाला सांगा, शाईचा कुठलाच नको. शाईचा प्रिंटर काम करून कमी आणि बंद राहून जास्त बिघडतो. सहा महिन्यांनी परत याल तेव्हा हेडची भोकं सुकलेली असतील. मग साफसफाईचा प्रोग्रॅम चालवायचा; त्यात शाई वाया जाते, ती आतल्या पॅडमध्ये जिरते, आणि पॅड भरलं की मशीन लाल दिवा लावून अडून बसतं. टोनर ही पूड असते, ती सुकत नाही. घरात हवाच असेल तर काळा-पांढरा लेझर. पण वर्षाला पन्नास पानांसाठी पंधरा हजार कशाला? मी दुकानवाली आहे म्हणून नव्हे, हिशेब तसाच आहे: खालच्या झेरॉक्सवाल्याला व्हॉट्सअॅपवर पाठवा आणि आधारची फाइल त्याच्या कॉम्प्युटरवरून, फोनवरून पुसून घ्या. तेवढं उभं राहून करून घ्या.

प्रश्न : इंक टँकमध्ये बाजारातली सुटी शाई चालते का? आणि रोज मशीन बोर्डवरून बंद करावं का?

वॉरंटीच्या काळात सुटी शाई नको. नंतर वापरायची तर एकाच प्रकारची वापरा. पिगमेंटच्या टाकीत डाय ओतली की काही दिवसांत हेड चोंदलं म्हणून समजा.

बोर्डवरून बंद करा, पण आधी मशीनचं बटण दाबा आणि त्याची घरघर थांबू द्या. तेवढ्यात हेड आपल्या झाकणाखाली जाऊन बसतं. थेट बोर्डचं बटण खाली केलं तर ते मध्येच उघडं राहतं आणि सुकतं. आठवड्यातून एकदा चारही रंग असलेलं एखादं पान छापत जा, शाळेचं असो की देवाचं.

प्रश्न : नवीन राउटर बसवल्यापासून प्रिंटर वाय-फायला सापडत नाही.

स्वस्तातले बरेच प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. राउटरवाल्याला दोन्ही बँडची (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ) वाय-फायची नावं वेगळी करून द्यायला सांगा आणि प्रिंटर २.४ वाल्याला जोडा. राउटरवाला यायला दोन दिवस लावणार असेल तर तोवर यूएसबीची वायर लावून काम भागवा.