दुसऱ्या महायुद्धात इटलीत मारल्या गेलेल्या आमच्या चुलत आजोबांचे नाव गावात कोरावे का, आणि त्यांची माहिती कुठे मिळेल?

नाव अवश्य कोरा. 'इंग्रजांच्या शिपायाचे स्मारक कशाला' असे गावातील काही जण म्हणतात, असे तुम्ही लिहिले आहे. हेच वाक्य मी अकरा वर्षांपूर्वी माझ्या सख्ख्या चुलत्यांकडून ऐकले.

माझ्या आजोबांचे थोरले भाऊ सोलापूर जिल्ह्यातील आमच्या कोरडवाहू गावातून मराठा पलटणीत भरती झाले आणि नोव्हेंबर १९४३ मध्ये इटलीतील सांग्रो नदीच्या लढाईत, वयाच्या विसाव्या वर्षी, मारले गेले. घरी तार आली होती, पण ती पुढे हरवली आणि तारीख कोणाच्याच लक्षात राहिली नाही. तिथी ठाऊक नसल्यामुळे पणजी दर सर्वपित्री अमावास्येला त्यांचे पान वेगळे वाढत असे आणि कावळा शिवेपर्यंत घरात कोणालाही जेवू देत नसे. लहानपणी भुकेल्या पोटी मी तिच्याजवळ अंगणात बसलेलो आहे.

गावात स्वातंत्र्यसैनिकांच्या नावांची शिळा बसवायचे ठरले, तेव्हा चावडीजवळ एका वेगळ्या दगडावर त्यांचेही नाव असावे, एवढेच मी सुचवले. भर बैठकीत चुलते म्हणाले, "चार हुतात्म्यांच्या सोलापुरात हे शोभत नाही." मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिले, तेव्हा आमचे हे थोरले आजोबा सात-आठ वर्षांचे होते. त्यांना पलटणीत नेले ते दुष्काळाने, राजनिष्ठेने नव्हे. आणि सांग्रोच्या पलीकडे उभे होते ते हिटलरचे सैन्य. १० जुलै १९४४ रोजी इटलीतच पडलेल्या आणि व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचे सर्वोच्च शौर्यपदक मिळालेल्या यशवंत घाडगे यांचा पुतळा रायगड जिल्ह्यातील माणगावात आहे, आणि त्याने कोणत्याही क्रांतिकारकाचा मान कमी झालेला नाही.

माहितीसाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या, म्हणजे महायुद्धांत पडलेल्या सैनिकांच्या कबरी आणि स्मारके सांभाळणाऱ्या संस्थेच्या, संकेतस्थळावर विनामूल्य शोध घेता येतो. जिल्ह्याचे नाव तिथे जुन्या रीतीने, 'शोलापूर' असे लिहिलेले असते, आणि नावाची इंग्रजी स्पेलिंगे तीन-चार प्रकारे करून पाहावी लागतात. दहन झालेल्या भारतीय सैनिकांची नावे सांग्रो, फोर्ली आणि रिमिनी येथील स्मारकांवर आहेत. एकट्या सांग्रोत ती पाचशेहून अधिक आहेत. ज्यांचा देह सापडला नाही, त्यांच्यासाठी इटलीतीलच कॅसिनो या गावचे स्मारक पाहा.

दगडावर मात्र 'हुतात्मा' लिहू नका. तो शब्द त्या चौघांचा आहे. नाव, वय, पलटण, ठिकाण आणि तारीख एवढे पुरेसे आहे.

आम्हाला त्या नोंदीत तारीख मिळाली. जुन्या पंचांगावरून तिथी काढली आणि गेली चार वर्षे त्यांचे श्राद्ध त्यांच्या स्वतःच्या तिथीला होते. गेल्या वर्षी चुलते जेवायला आले होते. दगडाचा विषय त्यांनी काढला नाही, आणि त्या दिवशी मीही काढला नाही.