लग्नाच्या ऑर्डरी आणि पक्ष्यांचे फोटो, दोन्हीसाठी कॅनन आर१० घेऊ की सोनी ए६४००?

तुम्ही पारोळ्याहून विचारलंय. बजेट सव्वा लाखाच्या आत आहे, या सीझनपासून लग्नाच्या छोट्या ऑर्डरी घ्यायच्या आहेत आणि हिवाळ्यात हतनूर धरणावर पक्ष्यांसाठी जायचंय. शिवाय घरी काकांचा जुना कॅनन १२००डी पडून आहे, ५० एमएम एफ/१.८ आणि ५५-२५० या दोन लेन्सांसह. तुमच्या प्रश्नातलं हे शेवटचं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. त्यामुळे उत्तर आधीच सांगतो, तुम्ही आर१० घ्या. मी स्वतः पाच वर्षं ए६४०० वर जळगाव-धुळ्याची लग्नं करतोय आणि तो विकायचा माझा विचार नाही, तरीही तुम्हाला आर१०च सांगेन.

सेन्सरवरून भांडण्यात अर्थ नाही. दोन्हींत एपीएस-सी (म्हणजे जुन्या फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान) आकाराचा २४.२ मेगापिक्सेलचा सेन्सर आहे. ए६४०० जानेवारी २०१९ चा आणि आर१० मे २०२२ चा, पण अल्बमच्या पानावर छापलेला फोटो बघून कोणता कशाने काढला ते मलाही ओळखता येणार नाही. वजनातही वीस-पंचवीस ग्रॅमचाच फरक. बॉडीच्या आत स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरण्याची सोय) दोन्हींत नाही, आणि कार्डाची जागा दोन्हींत एकच. ही शेवटची गोष्ट लग्नाच्या कामात जड जाते, तिच्याकडे पुढे येतो.

फरक पडतो तो लेन्समुळे. आपल्याकडची हळद बहुतेक रात्री, अंगणात, मांडवाच्या लाल-पिवळ्या कापडाखाली दोन हॅलोजनच्या उजेडात होते. तिथे आर१० सोबत येणारी १८-४५ लेन्स झूम केली की एफ/६.३ वर जाते; हा आकडा जितका मोठा तितका प्रकाश कमी. काकांची ५० एमएम एफ/१.८ लावली तर त्याच उजेडात सेन्सरवर बारा पट प्रकाश पडतो. ही बारा पट तुमच्या घरातच कपाटात पडलेली आहे. कॅननचा ईएफ-ईओएस आर नावाचा अडॅप्टर मिळतो, तो लावला की ईएफ आणि ईएफ-एस या जुन्या लेन्स आर१० वर ऑटोफोकससकट चालतात. लहान सेन्सरमुळे ५० एमएम या बॉडीवर ८० एमएमसारखी दिसते, म्हणजे मांडवाच्या कडेला उभं राहून नवरीचा चेहरा टिपायला अगदी बरोबर. ५५-२५० चा पल्ला ४०० पर्यंत जातो. सोनी घेतलात तर दूरच्या फोटोंसाठी आणि अंधारासाठी दोन्ही लेन्स नव्याने विकत घ्याव्या लागतील.

सोनीची बाजूही नीट मांडतो, कारण माझी रोजीरोटी तिच्यावर आहे. सोनीच्या ई-माउंटसाठी (माउंट म्हणजे लेन्स बसवायची खाच) बाहेरच्या कंपन्यांच्या लेन्स कितीतरी वर्षांपासून आहेत. माझ्या बॅगेत सिग्माची ५६ एमएम एफ/१.४ आणि टॅमरॉनची १७-७० एफ/२.८ आहे. टॅमरॉनच्या लेन्समध्येच स्टॅबिलायझेशन असल्याने वरातीच्या पुढे उलटं चालत व्हिडिओ काढताना तिच्यावर भरवसा ठेवता येतो. कॅननने मात्र आर१० च्या आरएफ माउंटचं दार बराच काळ बंद ठेवलं होतं. एपीएस-सी बॉडींसाठी सिग्मा आणि टॅमरॉनच्या ऑटोफोकस लेन्स तिथे २०२४ मध्ये आल्या. त्याआधी हा प्रश्न आला असता तर मी कदाचित सोनी सांगितला असता. आता सिग्माची १८-५० एफ/२.८ आर१० लाही मिळते, त्यामुळे ती अडचण उरली नाही. फक्त त्या सिग्मात स्टॅबिलायझेशन नाही हे लक्षात ठेवा. तिच्यावर चालता व्हिडिओ काढायचा तर गिंबल, म्हणजे कॅमेरा स्थिर धरणारा मोटरवाला दांडा, लागेल.

आता पक्षी. हतनूरच्या पाण्यावर सकाळी चक्रवाकांची जोडी उठते तेव्हा तुमच्या हातात दोन-तीन सेकंद असतात. ए६४०० चं ट्रॅकिंग आजही चांगलं आहे, माणसाच्या डोळ्यावर तो घट्ट बसतो आणि सेकंदाला ११ फोटो काढतो. पण पक्षी म्हणून तो पक्षी ओळखत नाही. प्राण्यांच्या डोळ्यांची सोय त्यात नंतर अपडेटने आली, ती कुत्र्या-मांजरांपुरतीच. आर१० ला पक्षी कळतात. मित्राचा आर१० घेऊन मी एक सकाळ धरणावर घालवली. शेकाट्या उथळ पाण्यातून चालत असताना फोकसची चौकट त्याच्या डोक्यावरून हलली नाही, मागच्या गवतावर घसरली नाही. माझ्या कॅमेऱ्यात त्याच जागी दर चार-पाच फोटोंमागे एक गवताचा निघतो. आर१० मेकॅनिकल शटरवर सेकंदाला १५ फोटो काढतो. इलेक्ट्रॉनिकवर २३ निघतात, पण त्याने उडत्या पक्ष्याचे पंख वाकडे येतात, तेव्हा १५ वरच थांबा. फोकसचा बिंदू हलवायला पाठीमागे छोटी जॉयस्टिक आहे, ती ए६४०० ला नाही. पुढे पैसे जमले की कॅननची आरएफ १००-४०० बघा. वजन साडेसहाशे ग्रॅमच्या आत आणि या बॉडीवर पल्ला ६४० पर्यंत. अंधार पडला की ती लंगडी पडते, पण हतनूरला सकाळी नऊनंतर उजेडाची कमतरता कधीच नसते.

व्हिडिओचं थोडं सविस्तर सांगतो, कारण इथे दुकानदार अर्धवट माहिती देतात. ए६४०० वर ४के ३० फ्रेमवर ठेवलं की चित्र कडेने कापलं जातं, आणि लोक म्हणतात सोनी क्रॉप करतो. २५ फ्रेमवर ठेवा, क्रॉप होत नाही. आणि आपल्याकडे २५च ठेवायला हवेत. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून साध्या लायटी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. ३० फ्रेम आणि १/६० शटर ठेवलं तर भिंतीवर पट्टे सरकताना दिसतात. २५ फ्रेम आणि १/५० वर ते जातात. डीजेच्या गाडीवरच्या एलईडीचं गणित वेगळं असतं, तिथे पट्टे जाईपर्यंत शटर थोडं थोडं हलवून बघावं लागतं. फोटोंसाठी आर१० मध्ये अँटी-फ्लिकरची सोय आहे, हॉलमधल्या लग्नात ती चालू ठेवा. आर१० चं साधं ४के मोठ्या चित्रातून आटवून काढलेलं असल्याने स्वच्छ दिसतं. ५०-६० फ्रेमचं ४के काढायला गेलात तर मात्र तो बराच क्रॉप करतो. ए६४०० चा एक दोष मला फार खुपतो. ४के मध्ये कॅमेरा झर्रकन फिरवला की उभे खांब तिरके होतात. सारंगखेड्याच्या यात्रेत धावत्या घोड्याबरोबर पॅन केलं तर मागचे तंबूचे बांबू वाकलेले येतात. तिथे मी ४के सोडून फुल एचडीवर येतो.

सारंगखेड्याचा विषय निघालाच आहे तर धुळीबद्दलही बोलू. दत्तजयंतीच्या त्या यात्रेत तापीकाठी शेकडो घोडे एका मैदानात फिरतात आणि दुपारनंतर हवेत पीठ उडाल्यासारखी धूळ असते. ए६४०० ची बॉडी मॅग्नेशियमची आहे आणि तो जरा जास्त सोसतो. आर१० ला तेवढंही संरक्षण नाही. दोन्हींवर मैदानात उघड्यावर लेन्स बदलू नका. गाडीत बसा, काचा वर करा आणि मग बदला.

उन्हाचंही तसंच. आपली लग्नं आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपास आणि पुढे मे महिन्यात, पारा ४४-४५ वर, आणि बँडवाले ऐन दुपारी वरात काढतात. सलग ४के काढताना ए६४०० तापून बंद पडू शकतो. मेन्यूत तापमानामुळे बंद होण्याची मर्यादा असते, ती ‘हाय’ वर ठेवली की बराच वेळ चालतो. आर१० सुद्धा छोटी बॉडी आहे, त्यालाही ऊन लागतं. माझ्याबरोबरचा मुलगा वरातीत कॅमेऱ्यावर छत्री धरतो. लोक बघतात, पण रेकॉर्डिंग थांबत नाही. कॅमेरा मोटारसायकलच्या डिकीत कधीच ठेवू नका.

बॅटरी दोन्हींची बेताची. स्क्रीन बघून काढलं तर एका चार्जिंगमध्ये ए६४०० चे कंपनी ४१० फोटो सांगते, आर१० चे ३५०. दिवसभराच्या लग्नाला किमान तीन बॅटऱ्या हव्यात. आर१० टाइप-सी वरून चार्ज होतो, पण त्याला पीडी (पॉवर डिलिव्हरी) वाला चार्जर किंवा पॉवर बँक लागते. नंदुरबार जिल्ह्यातल्या काठी गावच्या राजवाडी होळीला रात्रभर ढोल चालतात आणि होळी पेटते पहाटे, तेव्हा रात्रीच सगळ्या बॅटऱ्या संपवून बसू नका.

आता कार्ड. तीन वर्षांपूर्वी चाळीसगावकडच्या एका लग्नात माझं हळदीचं कार्ड वाचलंच गेलं नाही. रिकव्हरीत निम्मे फोटो आले, मामाचा आहेर आला नाही. नवरीच्या आईने फोन करून नेमके तेच फोटो विचारले आणि मला खरं सांगावं लागलं. अर्धे पैसे परत दिले, पण ते फोटो परत देता आले नाहीत. त्या दिवसापासून मी १२८ जीबीचं एक कार्ड दिवसभर वापरत नाही. हळदीचं वेगळं, लग्नाचं वेगळं, वरातीचं वेगळं, आणि पंगतीला बसायच्या आधी सगळं लॅपटॉपवर उतरवतो. वरण-बट्टी थोडी थंड झाली तरी चालते. दोन कार्डांचा कॅमेरा तुमच्या बजेटमध्ये बसवणं अवघड आहे, म्हणून ही सवय पहिल्या ऑर्डरपासूनच लावा. शिवाय रॉ मध्येच, म्हणजे सेन्सरची सगळी माहिती जपणाऱ्या फाइलमध्ये, काढा. मांडवाच्या कापडाचा लाल रंग हळदीच्या पिवळ्यावर चढला की जेपेगमधून चेहऱ्याचा मूळ रंग परत आणणं फार अवघड जातं.

म्हणून सध्या आर१० ची बॉडी १८-४५ सह घ्या, अडॅप्टर घ्या, दोन जादा बॅटऱ्या आणि तीन-चार चांगली कार्डं घ्या. सिग्मा १८-५० पहिल्या सीझनच्या पैशातून घ्या, आत्ता कर्ज काढून नको. पैसे भरण्याआधी काकांच्या दोन्ही लेन्स बरोबर घेऊन जळगाव किंवा धुळ्याच्या दुकानात जा आणि अडॅप्टरवर लावून बघा. इतकी वर्षं पडून असलेल्या लेन्सला आपल्याकडच्या पावसाळ्यात बुरशी धरते. टॉर्च लावून काचेतून आरपार बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती लेन्स सोडून द्या. दोन्ही लेन्स खराब निघाल्या तर मला इथेच कळवा, मग ए६४०० आणि सिग्मा ५६ चा हिशोब पुन्हा मांडून बघू.