'दोन धन्यांची चाकरी' : धनी, धन आणि अनामत

जालन्याहून एका ताईंनी विचारलं आहे : "आमची आजी रोज दिवेलागणीला बायबलमधलं मत्तयाचं शुभवर्तमान मोठ्यानं वाचते. सहाव्या अध्यायात 'कोणालाही दोन धन्यांची चाकरी करता येत नाही' असं येतं आणि त्याच वचनाचा शेवट 'तुम्हांला देवाची आणि धनाची सेवा करता येत नाही' असा होतो. मला वाटलं, धनी म्हणजे श्रीमंत. आजी म्हणते, धनी म्हणजे मालक. मोबाईलमधल्या सोप्या मराठी बायबलातही 'मालक'च आहे. मग धनी आणि धन यांचा संबंध काय? श्रीमंत असणं हेच ख्रिस्ती धर्मात पाप मानलंय का? आणि धनवानानं देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा 'सुईच्या नाकातून उंट' जाणं सोपं, यातलं नाक कुठलं?"

ताई, आजीचं बरोबर आहे. या वचनात धनी म्हणजे मालक, ज्याचा हुकूम चालतो तो. तुमची गफलत झाली ती हिंदीमुळे. हिंदीत 'धनी आदमी' म्हणजे पैसेवाला माणूस, आणि टीव्हीवरून तो अर्थ आता आपल्याकडेही रुळायला लागलाय. मराठीत मात्र धनी होण्यासाठी खिशात पैसा लागत नाही. माझी आजी बीडकडच्या खेड्यातली. ती आजोबांना जन्मभर 'धनी'च म्हणाली. 'धनी रानातून आले का रं?' हा तिचा रोजचा प्रश्न. या धन्याकडे होती तीन एकर कोरडवाहू जमीन आणि एक बैल. दुसरा बैल पेरणीपुरता भावकीतून मागून आणायचा.

'धन्याला धत्तुरा नि चाकराला मलिदा' या म्हणीतला धनी तर उपाशीच आहे. वर्तमानपत्रात एखादा पुढारी 'टीकेचा धनी' होतो, दिलेली जबान पाळणारा 'शब्दाचा धनी' असतो. या सगळ्या वापरांत धनी म्हणजे ज्याच्याकडे एखादी गोष्ट जाते, ज्याची ती होते, जो तिचं उत्तर देणं लागतो तो. संस्कृतातल्या 'धनिन्'चा सरळ अर्थ धन असलेला असाच आहे. मराठीनं त्यातलं धन मागे ठेवलं आणि मालकी तेवढी पुढे आणली.

ही मालकी कशी असते ते मराठवाड्यात वेगळं सांगायला नको. सालगडी पाडव्याला साल धरतो आणि पुढच्या पाडव्यापर्यंत एकाच मालकाच्या रानात राबतो. पहाटे बैलांना वैरण टाकण्यापासून रात्री मोटार चालू करायला जाण्यापर्यंत त्याचा सगळा वेळ त्या मालकाचा. उचल घेतलेली असली तर मधेच सुटताही येत नाही. एका सालात दोन मालक ही कल्पनाच तिथं बसत नाही. आजची दोन ठिकाणची नोकरी डोळ्यांपुढे ठेवून हे वचन वाचलं, तर 'न जमायला काय झालं?' असा प्रश्न पडेल. मूळ ग्रीकमध्ये मालकासाठी 'किरिओस' आहे आणि चाकरीसाठी 'दुल्यूएन', म्हणजे गुलाम होऊन राबणं. ग्रीकमध्ये हे एकच क्रियापद दोन्ही ठिकाणी येतं. मराठीनं आधी 'चाकरी' आणि मग 'सेवा' असे दोन शब्द घातले. मला ही वाटणी थोडी खटकते. 'सेवा' म्हटलं की मन देवळाकडे जातं. पैशाचीही माणूस चाकरीच करतो, हा मूळचा चटका त्यात जरा निवतो.

जालन्याजवळ बेथेल नावाची वस्ती आहे. ख्रिस्ती धर्मोपदेशक नारायण शेषाद्री यांनी १९व्या शतकात ती वसवली. तिथं आले त्यांच्यात गावकुसाबाहेरची, स्वतःची जमीन नसलेली माणसं पुष्कळ होती. धनी या शब्दाचं वजन त्यांना कोश उघडून बघावं लागलं नसणार. वाड्याच्या दारात, पायरीखाली उभं राहून ते त्यांनी आधीच ओळखलेलं होतं.

आता धनी आणि धन. ताई, तुम्ही पकडलेली जवळीक खरी आहे, पण ती मराठीतलीच आहे. ग्रीकमध्ये 'किरिओस'चा पैशाच्या शब्दाशी काही संबंध नाही. आपल्या भाषेत मात्र एकाच वचनात 'दोन धन्यांची' ऐकू येतं, आणि पुढे त्या दोघांतला एक जण खुद्द 'धन' निघतो. जे माणसाच्या मालकीचं असायला हवं तेच मालक होऊन बसलंय, हे मराठीत नुसत्या उच्चारातून कळतं. 'मालक' घातलं की अर्थ कळतो, पण हे जातं. मालक आणि माल जवळचे वाटतात, प्रत्यक्षात तेही नाही. दोन्ही अरबीतून आले, पण त्यांचे धातू वेगळे. म्हणून माझं मत आजीच्या प्रतीच्या बाजूनं आहे. 'धनी' राहू द्या.

या वचनातल्या 'धना'च्या जागी मूळ ग्रीकमध्ये ग्रीक शब्दच नाही. तिथं 'मामोनास' आहे, म्हणजे अरामी 'मामोना'. येशू अरामी बोलत असे, आणि शुभवर्तमान लिहिणाऱ्यानं हा एक शब्द भाषांतर न करता तसाच ठेवला. अर्थ साधा आहे : पैसाअडका, मालमत्ता. बरेच अभ्यासक त्याचा संबंध 'अ-म-न' या सेमिटिक (म्हणजे अरामी, हिब्रू, अरबी या भाषांच्या कुळातल्या) धातूशी लावतात. भरवसा, खात्री, विसंबणं हा त्या धातूचा अर्थ. म्हणजे मामोना हे असं काही, की ज्याच्या भरवशावर माणूस निश्चिंत बसतो.

हाच धातू आपल्या तोंडात दिवसातून चारदा असतो. तुमची आजी प्रार्थनेच्या शेवटी 'आमेन' म्हणते, ते हिब्रूतून आलेलं, याच धातूचं. 'इमान' आणि 'इमानदार' अरबीतून आले, तेही याचेच. आपला भाग १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे 'अमानत' हा शब्द जुन्या माणसांच्या बोलण्यात सहज येतो. विश्वासानं दुसऱ्याकडे ठेवलेली वस्तू म्हणजे अमानत. त्यातली अक्षरं उलटसुलट होऊन मराठीत झालं 'अनामत'. निवडणुकीत जप्त होते ती अनामत, भाड्याच्या खोलीसाठी भरतो ती अनामत. हे जुळवताना मी बराच वेळ पान तसंच उघडं ठेवून बसलो होतो. मामोनाची व्युत्पत्ती हीच धरली, तर आमेन आणि मामोना एकाच घरचे ठरतात, आणि वचनातला प्रश्न अगदी उघडा होतो : तुमचा भरवसा कुणावर?

'धन' तरी काय? ऋग्वेदात धन म्हणजे शर्यतीत किंवा लढाईत जिंकायचं बक्षीस, पणाला लावलेली चीज. तो 'धा' म्हणजे ठेवणं, मांडणं या धातूपासून आला. एकीकडे मांडलेलं धन, दुसरीकडे भरवशानं ठेवलेली अमानत. बँकेतली 'ठेव' दोन्हींच्या मधे बसते.

आता पापाचं. नुसती श्रीमंती पाप आहे असं बायबल म्हणत नाही. प्रेषित पौलाच्या नावानं तीमथ्याला लिहिलेल्या, बायबलमधल्या पहिल्या पत्रात वाइटाचं मूळ म्हणून जे सांगितलं आहे ते पैसा नव्हे, पैशाचा लोभ. तिथला ग्रीक शब्द 'फिलार्गिरिया', शब्दशः चांदीवरचं प्रेम. लोक अर्धंच वाक्य लक्षात ठेवतात आणि पैशालाच मूळ ठरवतात. शुभवर्तमानातला जक्कय हा जकातदारांचा मुख्य, चांगला धनवान. तो अर्धी मालमत्ता गरिबांना द्यायला निघाला आणि ज्यांना नाडलं त्यांना चौपट परत करतो म्हणाला. येशूनं उरलेलं अर्धं मागितलं नाही. दुसऱ्या एका तरुणाला मात्र सगळं विकून दे असं सांगितलं, आणि तो खिन्न होऊन निघून गेला. दोघांचा धनी वेगळा होता.

पण एवढ्यावर श्रीमंतांनी सुटकेचा श्वास टाकू नये. लूकच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात एका शेतकऱ्याची गोष्ट आहे. पीक उदंड आलं. तो म्हणतो, कोठारं पाडून मोठी बांधतो आणि मग खाऊन-पिऊन आराम करतो. त्याच रात्री तो मरतो. या माणसानं चोरी केलेली नाही, कुणाची मजुरी बुडवल्याचंही गोष्टीत नाही. आपल्याकडच्या माणसानं बळद भरलं असतं, पेव भरलं असतं. 'पेव फुटणे' हा वाक्प्रचार जमिनीतल्या त्या धान्याच्या कोठारावरूनच आला. या गोष्टीवर आजच्या तुर्कस्तानातल्या कैसरियाचा पुढे बिशप झालेल्या बासिलनं इ.स. ३६८च्या सुमाराच्या दुष्काळाच्या काळात प्रवचन दिलं. त्याचं म्हणणं असं की तू दडवून ठेवलेली भाकर भुकेल्याची आहे आणि तुझ्या पेटीतलं वस्त्र उघड्याचं आहे. १९७२चा दुष्काळ आमच्या घरात अजून सांगितला जातो : खडी फोडायला गेलेल्या बाया, मिळालेली सुकडी. त्या घरातल्या माणसाला बासिलच्या म्हणण्यात काही जास्त वाटत नाही.

पुढच्या ख्रिस्ती परंपरेत मात्र एकमत नाही. इटलीतला संत, आसिसीचा फ्रान्सिस, सगळं सोडून निघाला. अठराव्या शतकात इंग्लंडमधला धर्मोपदेशक जॉन वेस्ली यानं शिकवलं : जमेल तेवढं मिळवा, जमेल तेवढं वाचवा, जमेल तेवढं द्या. विश्वास ठेवला की देव पैसा देतोच, असं सांगणारे प्रचारक आजही आहेत. मला हे शेवटचं पटत नाही. तिथं भरवसा देवावर आहे असं म्हणायचं आणि नजर मामोनावर ठेवायची, असं होतं.

धनाबरोबर ऋणही बघा, कारण ते त्याच अध्यायात आहे. प्रभूच्या प्रार्थनेत मत्तय म्हणतो : 'जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे तशी तू आमची ऋणे आम्हांला सोड.' लूकच्या प्रार्थनेत त्या जागी पापांची क्षमा आहे. मत्तयानं हिशेबाचाच शब्द ठेवला आणि मराठीनं तो इमानानं उचलला. बँकेच्या कागदात धनको आणि ऋणको असतात. ज्या भागात कापूस गेला की सावकाराचा किंवा बँकेचा माणूस दारात येतो, तिथं 'ऋण सोडणे' ही क्रिया काय असते ते लहान पोरालाही ठाऊक असतं. दर रविवारी ही ओळ म्हणणाऱ्या घरानं ती पैशाच्या अर्थानंही ऐकावी, असं मला मनापासून वाटतं. आपण कुणाचे धनको असू तर विशेषच.

पृथ्वीवर साठवलेल्या संपत्तीला 'कसर' लागते असंही या अध्यायात आहे. ती कसर म्हणजे कपडे खाणारा किडा. पेटीतलं लुगडं उघडल्यावर चाळणी झालेलं दिसतं ती.

राहिलं सुईचं नाक. सुईला जे भोक असतं त्याला आपण नेढं म्हणतो. बायबलमधलं नाक ते हेच. हिंदीतही सुईचं 'नाका'च असतं. काही जण सांगतात की जेरुसलेमला 'सुईचं भोक' नावाचा एक बुटका दरवाजा होता आणि उंट ओझं उतरवून, गुडघे टेकून त्यातून जाई. अशा दरवाजाचा त्या काळातला काहीही पुरावा नाही. ही गोष्ट फार नंतर, मध्ययुगात दिसू लागते. मत्तयानं शिवणाच्या सुईचा साधा शब्द वापरलाय. आजीला विचारा, तुरीच्या पोत्याचं तोंड शिवायला घरात दाभण असेल. त्याचं नेढं सुतळी जाण्याइतकं मोठं असतं. तेवढ्यातूनही उंट जात नाही.